ताज्या टॅटूसाठी मेडिकलमधून काय घ्यावं: ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेतला हिशोब

टॅटू झाल्यावर स्टुडिओतून निघताना बहुतेक वेळा हातात एक छोटी पिशवी येते. आत टॅटू बटरची डबी, फोमचा साबण, जमलं तर टॅटूवर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मचे दोन तुकडे आणि सूचनांचा कागद. कागदावर लिहिलेलं असतं, दिवसातून चार-पाच वेळा भरपूर मॉइश्चरायझर लावा. हा सल्ला थंड, कोरड्या हवेच्या देशांतून उचललेला आहे. तिथं हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा इतकी सुकते की खपली तडकते. आपल्याकडे जुलैत गॅलरीतल्या दोरीवरचा टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही. घोडबंदर रोड असो की सीवूड्स, ताज्या टॅटूला इथं त्रास होतो तो ओलीचा. त्यामुळे पिशवीतलं काय वापरायचं, मेडिकलमधून काय आणायचं आणि काय काउंटरवरच ठेवून यायचं, हे इथल्या हवेप्रमाणे ठरवलेलं बरं.

निकाल आधीच सांगून टाकतो. सुगंध नसलेलं सौम्य क्लेन्झर हवंच. निर्जंतुक पारदर्शक फिल्म सपाट भागावरच्या टॅटूसाठी पैसे वसूल, कोपर-गुडघ्यासाठी पैसे पाण्यात. फिल्म लावणार नसाल तर साध्या पेट्रोलियम जेलीची सगळ्यात लहान डबी. त्यानंतरच्या दिवसांसाठी सुगंध नसलेलं पातळ लोशन. आणि किचन टिशूचा एक रोल. बाकी सगळं एकतर जास्तीचं आहे, नाहीतर नुकसान करणारं.

सगळ्यात जास्त पैसे फिल्मवर जातात आणि सगळ्यात जास्त घोळही तिथंच होतो. स्टुडिओत हिला 'सेकंड स्किन' म्हणतात. मेडिकलमध्ये तसं मागितलंत तर काउंटरवरचे दादा नुसतेच बघत राहतील. 'सलाइनच्या सुईवर लावतात ती ट्रान्सपरंट ड्रेसिंग' म्हणा, लगेच कळतं. मोठ्या हॉस्पिटलच्या शेजारच्या सर्जिकलच्या दुकानात ती सुटी मिळते. टेगाडर्म हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव, इतर कंपन्यांच्याही असतात. घेताना तीन गोष्टी बघायच्या. मध्ये पांढरा पॅड असलेली नको, तो लस, म्हणजे जखमेतून पाझरणारा पातळ द्रव, पिऊन खपलीला चिकटतो. कडेला सुईसाठी खाच असलेली नको, तिथून पाणी शिरतं. आणि पाकीट बंद, मुदतीतलं हवं. मोठ्या टॅटूसाठी फिल्मचा रोल स्वस्त पडतो, पण रोलमधली फिल्म साधारणतः निर्जंतुक नसते. पहिल्या दिवशीच्या उघड्या जखमेवर सुट्या पाकिटातलीच लावावी.

मापाचं गणित दुकानातच करून घ्या. फिल्म टॅटूच्या चारही बाजूंनी किमान अडीच सेंटिमीटर कोरड्या, धड त्वचेवर बसायला हवी. म्हणजे १० बाय १२ सेंटिमीटरचा तुकडा जेमतेम ५ बाय ७ सेंटिमीटरच्या टॅटूला पुरतो. ६ बाय ७ चा तुकडा मनगटावरच्या एखाद्या अक्षरापुरता. अनेक जण टॅटूच्या मापाची फिल्म घेतात, कड अर्ध्या सेंटिमीटरवर येते आणि ठाणे स्टेशनचा जिना चढेपर्यंत घामाने सुटते.

लावण्याची रीत अशी. हात साबणाने धुवा. टॅटू धुऊन टिशूने टिपा आणि दहा मिनिटं पंख्याखाली पूर्ण कोरडा होऊ द्या. खाली काहीही लावू नका. तेलकट मलमावर फिल्म टिकत नाही. आजूबाजूची लव स्टुडिओत काढलेली असतेच, पण कडेला राहिली असेल तर काढून घ्या. फिल्म स्वतः कापत असाल तर कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपरा कपड्यात अडकून पहिल्यांदा उचलला जातो. मग मधून कडेकडे, अजिबात न ताणता, नुसती टेकवत जायची. ताणून लावलेली फिल्म परत आखडते, कडेची त्वचा ओढली जाते आणि तिथं पाण्याचे फोड येतात. या फोडांचा दोष लोक शाईला देतात.

पहिल्या काही तासांत फिल्मखाली काळपट पातळ द्रव साचतो. रक्त, लस आणि जास्तीची शाई यांचं ते मिश्रण असतं. छोटी पिशवी लोंबावी तसं दिसतं, हलवलं की डुचमळतं. घाबरून टॅटू वाहून गेला असं समजू नका. सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत, त्वचेच्या खालच्या थरात शाई सोडते. तिथली शाई मॅक्रोफेज नावाच्या पेशी गिळून धरून ठेवतात, ती अशी वाहत नाही. बाहेर येते ती वरच्या थरात अडकलेली जास्तीची शाई. मात्र हा द्रव कडेपर्यंत पोचून बाहेर झिरपायला लागला, तर तेव्हाच फिल्म काढायची, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. ज्या वाटेने द्रव बाहेर येतो त्याच वाटेने घाम आणि जंतू आत जातात. वरून टिशू दाबून किंवा चिकटपट्टी लावून गळती थांबवणं हा सगळ्यात वाईट उपाय.

पहिली फिल्म २४ तासांनी काढा, धुवा, सुकवा आणि दुसरी लावा. दुसरी किती दिवस ठेवायची यावर परदेशी सूचना पाच-सहा दिवस सांगतात. इथं मार्च ते ऑक्टोबर आम्ही तीन दिवसांच्या वर सांगणार नाही. ही फिल्म पॉलियुरेथेनची असते. तिच्यातून पाणी आत येत नाही, पण वाफ बाहेर जाते, हीच तिची खुबी. बाहेरची हवाच ओलीने भरलेली असली की वाफ हळू जाते, खालून घाम येतच राहतो, आणि पाचव्या दिवशी फिल्म काढली की खालची त्वचा धुणं धुतल्यावर बोटांची होते तशी पांढरी, सुरकुतलेली मिळते. अशी त्वचा ओरखडली तर शाईसकट निघते. डिसेंबर-जानेवारीत चार-पाच दिवस चालेल. आणि फिल्मच्या बरोबर आकाराचा चौकोनी लालसर डाग, खाज, बारीक पुरळ दिसलं तर ती गोंदाची ॲलर्जी. फिल्म काढायची, पुन्हा लावायची नाही, दुसऱ्या कंपनीचीही नाही.

काढताना बँडेजसारखी वर ओढू नका. कोमट पाण्याच्या धारेखाली उभं राहा, एक कड मोकळी करा आणि फिल्म त्वचेला समांतर, बाजूला ताणत न्या. ताणली की गोंद आपोआप सुटतो. कडेला राहिलेला चिकटपणा खोबरेल तेलाच्या बोटाने जातो, पण ते तेल टॅटूवर नाही, फक्त आजूबाजूच्या धड त्वचेवर. काखेजवळ, कोपरात, गुडघ्यामागे, तळहाताच्या कडेला आणि बोटांवर फिल्म टिकतच नाही. तिथं ती विकत घेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुचलं म्हणून उघड्या राहिलेल्या टॅटूवर फिल्म लावणंही चुकीचं, तोवर जे काही आत गेलं असेल ते आतच कोंडलं जातं.

काही स्टुडिओ अजून स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळून पाठवतात. घरी पोचेपर्यंत धूळ आणि कपडे लागू नयेत एवढ्यापुरती ठीक आहे. दोन ते चार तासांत काढून फेकायची. ती श्वास घेऊ देत नाही. तीच गुंडाळून रात्रभर झोपलात तर सकाळी चादर आणि टॅटू दोन्ही चिकट.

आता साबण. सेटाफिलचं जेंटल क्लेन्झर किंवा सुगंध नसलेला कुठलाही बेबी वॉश पुरतो. बाटलीवर 'फ्रॅग्रन्स फ्री' लिहिलंय का ते बघा. 'माइल्ड' लिहिलेल्या पुष्कळ बाटल्यांत गुलाबाचा वास असतोच. आंघोळीच्या साबणाच्या वडीचा पीएच ९-१० च्या आसपास असतो, त्वचेचा साडेपाचच्या जवळ. धड त्वचा ते सहन करते, सोललेली करत नाही. डेटॉल आणि सॅव्हलॉन घरात असतात म्हणून हात तिकडेच जातो. डेटॉलमध्ये क्लोरोक्झायलेनॉल असतं, सॅव्हलॉनमध्ये क्लोरहेक्सिडिन आणि सेट्रिमाइड. दोन्ही जंतू मारतात, पण दिवसातून तीनदा लावलं तर नव्याने तयार होणाऱ्या पेशींनाही भाजतात. खपली जाड होते, भेगा पडतात आणि जाड खपली निघताना खालचा रंग घेऊन जाते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. स्टुडिओचा फोमचा साबण वाईट नसतो, फक्त त्याच कामाची किंमत जास्त लागते. पिशवीत आला असेल तर वापरा, वेगळा विकत घेऊ नका.

धुणं दिवसातून दोनदा, पावसाळ्यात किंवा खूप घाम आल्यास तीनदा. पाणी कोमट, हात स्वच्छ, नुसत्या बोटांनी गोल गोल. पहिल्या दिवशी एक बुळबुळीत थर हाताला लागतो, ती लस. ती पूर्ण निघून बोट चिकटेनासं होईपर्यंत धुवायचं. लस तशीच राहून सुकली की तिचीच खपली बनते. घासणी, लूफा, कपडा नको. नंतर किचन टिशूने टिपायचं, पुसायचं नाही. टॉवेल तर अजिबात नको. घरातला वापरातला टॉवेल, त्यातून पावसाळ्यातला अर्धवट वाळलेला, म्हणजे जंतूंची वसाहत.

पाण्याचंही बघावं लागतं. नवी मुंबईत मोरबे धरणाचं नळाचं पाणी येतं, ठाण्यातही पालिकेचं पाणी धुण्याला चालतं. पण सोसायटी टँकरवर किंवा बोअरवेलवर असेल, किंवा पहिल्या पावसानंतर नळाला गढूळ पाणी येत असेल, तर पहिले तीन-चार दिवस उकळून कोमट केलेलं पाणी वापरा. कामाची पाच मिनिटं वाढतात, बस्स.

मलमाकडे येऊ, कारण हौस आणि चूक दोन्ही इथंच जास्त. त्वचारोगतज्ज्ञ मलमाचं एक सोपं माप सांगतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात मोठ्या माणसाचे दोन तळहात, बोटांसकट, झाकतात. म्हणजे तळहाताएवढ्या टॅटूला एका वेळी पाव ग्रॅम. दिवसातून तीनदा धरलं तरी १४ दिवसांचे झाले साडेदहा ग्रॅम. १०० ग्रॅमची बटरची डबी त्यासाठी कशाला? उरलेली डबी संपवायची म्हणून जास्त लावलं जातं, शिवाय रोज त्यात बोट बुडवल्याने डबीच दूषित होते. ट्यूब किंवा पंप घ्या.

फिल्म वापरली असेल तर पेट्रोलियम जेलीची गरजच नाही. फिल्म निघाली की सरळ लोशन. फिल्म नसेल तर पहिले दोन-तीन दिवस साधी व्हॅसलिन, सुगंध आणि रंग नसलेली, इतकी पातळ की टॅटू चमकला पाहिजे पण बोट फिरवल्यावर घसरता कामा नये. चमक जास्त झाली तर टिशूने टिपून काढा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जेली बंद. ती वाफ अडवते. आपल्या हवेत याचा परिणाम म्हणजे खपली फुगते, मऊ गचगचीत होते, आणि केसांच्या मुळांशी बारीक पुळ्या येतात. लोक त्या पुळ्यांना 'इन्फेक्शन' समजून आणखी मलम थापतात. आधी मलम थांबवून एक दिवस नुसतं धुऊन कोरडं ठेवा, साध्या पुळ्या त्यानेच बसतात.

ॲक्वाफोरची आयात केलेली ट्यूब ऑनलाइन मिळते, परदेशात तिचं फार नाव आहे. तिच्यात ४१ टक्के पेट्रोलॅटम आणि लॅनोलिनचा अंश असतो. इथल्या दमट महिन्यांत तिच्यासाठी वेगळे पैसे घालण्यासारखं काही नाही. लॅनोलिन, म्हणजे लोकरीतला मेणचट पदार्थ, काही जणांना सोसत नाही. अमेरिकन काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटी या त्वचेच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेने २०२३ साली त्यालाच 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं होतं. आपल्या घराघरातल्या बोरोलीनमध्येही लॅनोलिन असतं, सोबत एक टक्का बोरिक ॲसिड, तीन टक्के झिंक ऑक्साइड आणि तो ओळखीचा सुगंध. थंडीत फुटलेल्या ओठांना उत्तम. ताज्या टॅटूला झिंकचा पांढरा थर धुताना घासावा लागतो, आणि घासायचंच तर नाही.

ऑफिस ऐरोली किंवा महापेच्या आयटी पार्कात असेल तर गोष्ट थोडी बदलते. नऊ तास एसीत बसलं की त्वचा खरोखर सुकते. पुढच्या आठवड्यात पापुद्रे निघायला लागतात तेव्हा तिथं दुपारी एक पातळ हात लोशनचा जास्त चालेल. संध्याकाळी ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून घरी आलात की मात्र आधी धुणं, मग लोशन. घामावर लोशन चढवू नका.

आता काउंटरवरच ठेवून यायच्या ट्यूबा. मेडिकलमध्ये 'नवीन टॅटू आहे' म्हटलं की निओस्पोरिन किंवा सोफ्रामायसिन पुढे येतं. जखम चिघळलेली नसताना ॲंटिबायोटिक मलमाने बरं होणं लवकर होत नाही. उलट निओस्पोरिनमधल्या निओमायसिनची ॲलर्जी इतकी नेहमीची आहे की त्याच अमेरिकन संस्थेने २०१० मध्ये 'ॲलर्जन ऑफ द इयर'चा मान निओमायसिनला दिला होता. सोफ्रामायसिनमधलं फ्रामायसेटिन त्याच घराण्यातलं. ज्याला एक चालत नाही त्याला दुसरंही बहुधा चालत नाही. ॲलर्जी झाली की टॅटूभर लाल, खाजरे, पाझरणारे चट्टे उठतात आणि ते इन्फेक्शनसारखेच दिसतात. मग माणूस तेच मलम दुप्पट लावतो.

याहून धोक्याच्या त्या खाजेच्या मिश्र ट्यूबा, स्टिरॉइड, ॲंटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या. स्टिरॉइडने खाज आणि लाली एका रात्रीत जाते म्हणून त्या जादू वाटतात. पण स्टिरॉइड जखम भरणं मंदावतं, त्वचा पातळ करतं, आणि आत जंतुसंसर्ग सुरू असेल तर वरून काहीच दिसू देत नाही. स्टिरॉइडची ही क्रीमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची औषधं आहेत. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय दिली तरी घेऊ नका. हळदीबद्दल आजीचा राग पत्करूनही सांगावं लागतं की स्वयंपाकाच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि पिवळ्या रंगाचे कण ताज्या जखमेत कशाला घालायचे?

खाज चौथ्या-पाचव्या दिवसापासून सुरू होते, आठवड्याने शिगेला पोचते. रंगीत पापुद्रे आंघोळीत निघतात, ते निघू देत. वरच्या थरातलीच शाई आहे ती. नख लावून काढलेला पापुद्रा मात्र पुढे टॅटूत फिकट ठिपका म्हणून दिसतो. स्वच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गार पॅक दोन मिनिटं टेकवा, किंवा तळव्याने हलकं थोपटा. झोपेत खाजवणाऱ्यांनी नखं कापून टाकावीत. पापुद्रे संपल्यावर टॅटू काही दिवस दुधाळ, धुरकट दिसतो. वर आलेली नवी कातडी अजून पूर्ण पारदर्शक झालेली नसते, महिना-दीड महिन्यात रंग उघडतो. तोवर कलाकाराला शिव्या घालू नयेत. रेषेच्या कडेने शाई निळसर पसरलेली असेल तर तो भाग वेगळा, सुई जास्त खोल गेल्याचं ते लक्षण. त्यात तुमच्या मलमाचा काही संबंध नाही.

पावसाळ्यात घोट्यावर, पोटरीवर किंवा पावलावर टॅटू काढू नका, हे आम्ही ठासून सांगतो. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात. ताजा टॅटू म्हणजे सुईने केलेल्या हजारो भोकांची जखम. फिल्म लावली होती हा भरवसा इथं पुरेसा नाही, गुडघाभर पाण्यात कड सुटायला किती वेळ लागतो? चालावं लागलंच तर घरी येऊन लगेच साबणाने धुवा आणि २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. प्रतिबंधक डॉक्सीसायक्लिन द्यायचं का, ते डॉक्टर ठरवतील.

सणांचाही हिशोब करा. दहीहंडीच्या सरावात खांद्यावर पाय पडतात आणि त्या दिवशी दिवसभर पाणी अंगावर. ढोल कमरेला बांधला जातो, ताशाचा पट्टा मान आणि खांद्यावर घासतो. पथकात असाल तर त्या जागेचा टॅटू कार्यक्रमाच्या किमान तीन-चार आठवडे आधी, नाहीतर विसर्जनानंतर. सोसायटीचा स्विमिंग पूल पापुद्रे पूर्ण जाईपर्यंत बंद. साधारण तीन-चार आठवडे धरा. क्लोरीन आहे म्हणून पाणी निर्जंतुक होत नाही, आणि भिजून मऊ झालेली खपली तरंगत निघून जाते. लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा, ब्राचा पट्टा, जीन्सची कमर, रिक्षाच्या रेक्झिनच्या सीटला चिकटणारी मांडी: टॅटू कुठे आहे त्याप्रमाणे यांतलं एकेक आठवून सैल सुती कपडे काढून ठेवा. पहिल्या दोन-तीन रात्री जुनी, गडद चादर अंथरा.

बिघडलंय हे ओळखायचं कसं? पहिले दोन-तीन दिवस लाली, सूज आणि उन्हाने भाजल्यासारखी आग असणारच, पण ती रोज कमी व्हायला हवी. तिसऱ्या दिवसानंतर लाली पसरत जाते, हात लावला तर गरम लागतं, ठसठस वाढते, दाट पिवळा-हिरवा पू आणि वास येतो, ताप येतो किंवा लाल रेघ वर चढताना दिसते, यांतलं काहीही झालं तर क्रीम शोधू नका, डॉक्टर गाठा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नेरुळचं डी. वाय. पाटील, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. पेनाने लालीच्या कडेने रेघ मारून ठेवलीत तर ती किती पसरली हे डॉक्टरांना एका नजरेत कळतं.

एक प्रकार उशिरा येतो. टॅटू छान भरत असताना एक ते तीन आठवड्यांनी फक्त राखाडी छटांच्या भागात बारीक लाल गाठी उठतात. हे नेहमीचे जंतू नसून पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरियम असू शकतात. अमेरिकेत रोचेस्टरला २०११-१२ मध्ये आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईतून १९ जणांना असा संसर्ग झाला होता. साध्या ॲंटिबायोटिकने तो जात नाही, तपासणीसाठी त्वचेचा तुकडा घ्यावा लागतो. कुठलीही घरची निगा हे टाळू शकत नाही. म्हणून खुर्चीत बसण्याआधीच बघा: सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय का, शाई छोट्या एकदाच वापरायच्या टोप्यांत ओतली जातेय का, आणि राखाडी करायला शाईत बिसलेरी किंवा नळाचं पाणी न घालता सीलबंद निर्जंतुक पाणी वापरतायत का. विचारल्यावर चिडणाऱ्या स्टुडिओतून उठून यावं.

टॅटूची जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार आठवडे, सनस्क्रीनही नको, त्यावर कापड हवं. पाम बीच रोडवरून रोज बाइकने जाणाऱ्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग सर्वांत आधी विटतो. सैल सुती बाही घाला, नायलॉनच्या घट्ट स्लीव्ह्ज घासतात. त्यानंतर एसपीएफ ३० किंवा ५० चं, ब्रॉड स्पेक्ट्रम सनस्क्रीन रोज.

रक्तदान करणाऱ्यांनी तारीख लिहून ठेवावी, टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही. टच-अपसाठी चार ते सहा आठवड्यांच्या आत जाऊ नका, दुधाळपणा असताना कुठे रंग कमी पडला ते कलाकारालाही नीट दिसत नाही. पहिला टच-अप फुकट आहे का आणि किती महिन्यांत यायचं, हे पैसे देतानाच विचारून पावतीवर लिहून घ्या.